मी चेहऱ्याच्या आड आलो

मित्रांनो, मी एक जुना सोलर पॅनल आहे. सध्या माझा मुक्काम कोळशाच्या ढिगाला टेकून आहे. उन्हावर जगणारा मी आणि माझा शेजारी कोळसा! हसू आले ना? खुशाल हसा. पहिल्या वर्षी मलाही आले होते. उलानबातर शहराच्या कडेला, टेकडीवरच्या या कुंपणाकुंपणांच्या वस्तीत हिवाळाभर इतका धूर असतो की दुपारचा सूर्यसुद्धा शिळ्या पोळीसारखा दिसतो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, वायर तर कधीच कापून नेली. माझ्यामुळे ढिगावर बर्फ साचत नाही, एवढाच आता माझा उपयोग.

माझ्या जन्माची हकिगत फारशी रंगतदार नाही. एका मोठ्या कारखान्यात वाळूतला कस काढून त्याच्या पातळ चकत्या केल्या, त्या काचेखाली बसवल्या, भोवती चौकट ठोकली आणि झालो मी. हे सगळे ऐकीव आहे हं, कारण आपला जन्म कोणाला आठवतो? मला आठवते ती पहिली गोष्ट म्हणजे दामदिनचे हात.

दामदिन मेंढपाळ होता. दूर दक्षिणेच्या माळावर तो आणि त्याची बायको खांदमा एका गेरमध्ये राहत. गेर म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याचे गोल घर. चारा संपला की मोडून उंटावर लादायचे आणि पुढे निघायचे. शेजारच्या गेरमध्ये दामदिनचा थोरला भाऊ बाझार राहत असे. त्याच्या जिभेला हाड नव्हते, पण मन लोण्यासारखे होते.

मी या घरात कसा आलो, ते आधी सांगायला हवे. तिकडे प्रत्येक गेरमध्ये दारासमोरच्या मानाच्या जागी एक रंगीत पेटी असते आणि पेटीवर फोटोंची एक चौकट. एकाच काचेआड घरातली सगळी माणसे दाटीवाटीने बसवलेली असतात. आईवडील, लग्न, सैन्यात गेलेला चुलतभाऊ, शर्यत जिंकलेला घोडासुद्धा. दामदिनच्या चौकटीपुढे रोज मेणबत्ती जळायची. एका थंडीत ऊब द्यायला आत घेतलेले बकरीचे पिल्लू बागडले आणि मेणबत्ती कलंडली. घर वाचले, चौकट मात्र जळाली. तीत दामदिन आणि खांदमाच्या लग्नाचा फोटो होता. ओळखपत्रावरचा सोडला तर दामदिनचा म्हणून एवढा एकच फोटो त्या घरात होता. राख चिमटीत धरून तो म्हणाला,

"तोंडं खाणारा उजेड यापुढे माझ्या घरात नको."

वसंतात लोकर कातरली आणि ती घोड्यावर लादून दामदिन तालुक्याच्या गावी गेला. तिथे सरकारी योजनेतून मेंढपाळांना माझ्यासारखे पॅनल मिळत होते. वाटप करणाऱ्या माणसाने मला पुढे केले, तेव्हा दामदिनने बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या, मला दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. तिथली रीतच तशी आहे. मोलाची, मानाची वस्तू हाती आली की ती आधी कपाळाला लावायची. मी कारखान्यातून निघाल्यापासून मला फक्त मोजले होते, ढकलले होते, एकावर एक रचले होते. कपाळाला लावणारा तो पहिलाच. खरे सांगतो, मी तिथेच त्याचा झालो.

गेरच्या दाराजवळ, दक्षिणेकडे तोंड करून त्याने मला बसवले. बाझार कमरेवर हात ठेवून बघत होता.

"सूर्याला दोरी बांधून आणलंस होय रे? दूध किती देतो हा?"

"दूध नाही देत दादा," दामदिन म्हणाला, "पण लाथही मारत नाही."

त्या संध्याकाळी बल्ब लागला. खांदमाने आधी डोळ्यांवर हात धरला, मग हळूच काढला आणि म्हणाली, "अगं बाई, छताला किती काजळी आहे!" दुसऱ्या दिवशी सगळे छताचे वासे तिने घासून पुसून काढले. माझ्या उजेडाने घरातले पहिले काम कोणते केले असेल, तर खांदमाला कामाला लावले. पण पुढे तीच त्या उजेडात अंगरखे शिवू लागली, आणि तिचे टाके इतके बारीक येऊ लागले की दहा मैलांवरून बायका कापड घेऊन येत. मेणबत्तीच्या धुराने तिचे डोळे सतत चुरचुरायचे, ते थांबले. विणीच्या दिवसांत कोकरू आडवे आले की वेळीच दिसायचे, ओल्या हातांनी काडी पेटवत बसावे लागायचे नाही. आणि रेडिओ! आधी सेल संपले की महिना महिना मुका बसायचा. आता तो रोज सकाळी हवामान सांगू लागला. कुठे वारे सुटणार, कुठे बर्फ पडणार. बाझार म्हणायचा, "माझे गुडघे याच्याआधी सांगतात," पण बातम्यांच्या वेळेला हटकून चहाला यायचा.

रोज सकाळी दामदिन माझी काच पुसायचा. आपल्या लांब अंगरख्याची बाही तळहातावर ओढायची, काचेवर हा करून वाफ सोडायची आणि गोल गोल पुसायचे. तेव्हा त्याचे तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर असे. डाव्या भुवईत घोड्याच्या लाथेची खूण, थंडीने फाटलेले गाल, आणि पुढचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला. चार वर्षे मी ते तोंड रोज पाहिले. मित्रांनो, एवढ्या जवळून त्याला दुसऱ्या कोणत्याच काचेने पाहिले नाही.

चौथ्या उन्हाळ्यात आर्युना आली. शहरातली मुलगी, गळ्यात कॅमेरा. एका संस्थेने तिला पाठवले होते. सूर्याच्या विजेने मेंढपाळांचे दिवस कसे बदलले, ते फोटोंतून दाखवायचे होते तिला. मोठी गोड मुलगी होती. तिने खांदमाची सुई टिपली, रेडिओ टिपला, बल्बखाली वाफाळणारी खारट चहाची वाटी टिपली. मला तर सगळ्या बाजूंनी टिपले. मीही फुगून गेलो होतो. शेवटी ती म्हणाली, "दादा, पॅनल हातात घेऊन दारात उभे राहा ना."

दामदिन आत गेला. ठेवणीतला निळा अंगरखा घातला, पिवळा पट्टा बांधला, टोपी नीट केली. बाहेर येऊन त्याने मला उचलले आणि चार माणसांसमोर आपल्या हातात काय आहे, या जाणिवेने बाह्या खाली ओढल्या, मला दोन्ही हातांनी वर घेतले आणि कपाळाला लावले.

तेवढ्यात खट् झाले.

बाझार मांडीवर थाप मारून हसला. "नाकापेक्षा मोती जड तो असा! अरे, तुझा फोटो आहे की त्या पाटीचा?"

दामदिनने मला जरा खाली घेऊन माझ्यावरून डोकावत विचारले, "का? तोंड नाही आलं?"

"नकोच तोंड!" आर्युना आनंदाने नाचत होती. "दादा, तुमचे हात काय सुंदर आलेत! मला हेच हवं होतं."

खांदमा दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, मग एक तोंडाचा काढ ना यांचा. आमची चौकट रिकामी आहे बघ. नवी करून ठेवली आहे यांनी."

"काढते ना ताई. आता ऊन उतरलं. उद्या सकाळी छान उजेडात सगळ्या घराचा काढते."

पण पहाटेच घोड्या डोंगरापलीकडे गेल्या आणि दामदिन त्यांच्यामागे गेला. आर्युना बिचारी खरेच थांबली होती. सूर्य वर आला, गाडीवाला कुरकुरू लागला, पुढची नदी दुपारी चढते म्हणून हॉर्न वाजवू लागला. जाताना तिने खांदमाचे हात धरले. "शरदात येते. फोटो घेऊन येते, आणि दादांचा राहिलेला पण काढते." दामदिन परतला तेव्हा दूर धुळीचा एक लोट तेवढा उरला होता. बाझार म्हणाला, "जा की तालुक्याला, तिथे पण फोटोवाला आहे." दामदिन म्हणाला, "ती येते म्हणाली ना? मग दुसऱ्याकडून कशाला काढायचा? वाईट वाटेल पोरीला."

शरद आला, आर्युना आली नाही. मग तो हिवाळा आला. आधी पाऊस, त्यावर कडाका, आणि गवतावर बर्फाची लादी बसली. मेंढ्या खुरांनी खरवडत, नाकातून रक्त येई, पण गवत हाती लागेना. माळावरचे लोक अशा हिवाळ्याला झुद म्हणतात आणि तो शब्द हळू आवाजातच उच्चारतात. सकाळी कळपात जेवढी उठत, त्यांची पाठ थोपटायची, जी उठत नसत, ती ओढून बाजूला ठेवायची. माघ गेला तेव्हा बाजूची रांग कळपापेक्षा लांब झाली होती.

मग तीन दिवस आभाळ राखेसारखे झाले. उन्हाचा कवडसासुद्धा नाही. मी तीन दिवसांत काहीच मिळवले नाही. बॅटरी उतरली, बल्ब गेला, आणि चौथ्या सकाळी रेडिओ बोललाच नाही. त्याच सकाळी उरलेल्या घोड्या वाऱ्याच्या दिशेने निघून गेल्याचे दिसले.

खांदमाला तेव्हा सहावा महिना होता. ती म्हणाली, "अहो, आज रेडिओ काही सांगत नाही. एक दिवस थांबा की."

"मी थांबेन गं, घोड्या थांबतील का? दुपारच्या चहाला येतोच."

जाताना तो माझ्यापाशी आला. बाही ओढली, हा केले, काच पुसली. पुसून उपयोग काय होता? ऊनच नव्हते. तरी त्याने पुसली. भुवईतली खूण, फाटलेले गाल, चढलेला दात. मी शेवटचे पाहिले ते तेवढेच.

दुपारी जे वादळ आले, त्याची सूचना रेडिओवर सकाळीच दिली होती. खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी ती ऐकली आणि ते घरात राहिले. आमच्याकडे ऐकवणारे कोणी नव्हते, कारण ऐकवणाऱ्याला पोसणारा मी होतो आणि मी रिकामा होतो. लोक म्हणतात, त्यात पॅनलचा काय दोष? नसेलही. पण मला ते सकाळचे शांत घर विसरता येत नाही.

बर्फ वितळल्यावर बाझारला दामदिन सापडला. अंगरख्याच्या छातीच्या घडीत त्याचे ओळखपत्र होते. पाणी आत शिरले होते. नाव वाचता येत होते, जन्मसाल वाचता येत होते, फोटोच्या जागी पांढरा डाग होता. खांदमाने ते ओळखपत्र माझ्या तापलेल्या काचेवर वाळत ठेवले. वाळल्यावर तोंड परत येईल असे तिला वाटले असावे. ती दर थोड्या वेळाने येऊन बघत होती. संध्याकाळपर्यंत ते कोरडे खडखडीत झाले, डाग तसाच राहिला.

चाळीस दिवसांनी सोलोंगो जन्मली. मुलगी झाली.

कळप संपल्यावर माळावर राहून काय करणार? बाझारने दोन्ही गेर एका ट्रकवर चढवली आणि आम्ही या शहराच्या टेकडीवर आलो. इथे दारात विजेचा खांब होता. बाझारने पहिल्याच दिवशी तार जोडली, बटण दाबले, दिवा लागला. ही वीज कोळसा जाळून येते, आणि ऊब हवी तर घरात पुन्हा कोळसाच जाळायचा. वासे परत काळे झाले. या वेळी खांदमाने ते घासले नाहीत. बाझारने मला उलटसुलट करून पाहिले.

"खांदमा, या सूर्याचं आता काय करायचं? धुरात हा आंधळाच."

"टाकू नका भाऊजी," ती म्हणाली. "यांच्या हातचा आहे तो."

म्हणून टाकले नाही. बाझारने माझी वायर कापून दुसऱ्या कामाला लावली आणि मला कोळशापुढे उभे केले. खांदमा सकाळी एका हॉटेलच्या चादरी धुवायला जायची आणि खोकत परत यायची. घरात मानाच्या जागी दामदिनने केलेली ती नवी चौकट होती, काच लावलेली आणि रिकामी. सोलोंगो बोलायला लागली तेव्हा शेजारच्या मुलांच्या घरातल्या चौकटी पाहून येई आणि विचारी, "आई, आपल्या चौकटीतले बाबा कुठं गेले?"

ती चार वर्षांची होती त्या हिवाळ्यात बाझारने दुकानातून एक कॅलेंडर आणले. अंगणातच एक पान उलटले आणि खांदमाला हाक मारली. पानावर मी होतो! मोठा, झळझळीत, माळावरच्या उन्हात. खाली निळा अंगरखा, पिवळा पट्टा, आणि मला धरणारे दोन हात. वर छापले होते, "सूर्याने बदललेले आयुष्य".

खांदमाने पानाच्या तळाशी छापलेला पत्ता वाचला. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ती सोलोंगोला घेऊन शहरात गेली आणि दुपारी आर्युनालाच बरोबर घेऊन आली. आर्युना रडून आली होती. दामदिनची हकिगत तिला त्या दिवशीच कळली. तिच्या हातात एक खोका होता, माळावर काढलेल्या सगळ्या फोटोंचा. अंगणात उजेड बरा म्हणून त्या माझ्याशेजारीच पाट टाकून बसल्या.

"तेव्हा दोनशेच्या वर फोटो काढले होते मी, ताई. एखाद्यात तरी असतील दादा."

एकात दामदिनची पाठ होती, उंटावरून सामान उतरवताना. एकात टोपीची कड आणि कान. एकात तो चहा पीत होता, पण वाटी तोंडाला होती आणि वाफ डोळ्यांपर्यंत आलेली. खांदमा प्रत्येक फोटो आधी जवळ धरायची, मग लांब, मग म्हणायची, "पुढचा." एका फोटोत तो दूर घोड्यावर होता, मुंगीएवढा. "हेच ते," ती म्हणाली, "पण हे मला ठाऊक म्हणून. हिला काय दिसणार यात?" सोलोंगो खोक्यात डोकावून विचारत होती, "यात आहेत का? आई, यात?"

शेवटी खोक्याचा तळ दिसला.

"अजून?" खांदमाने विचारले.

"नाहीत, ताई." आर्युनाची मान खाली होती. "मला वाटलं, तोंडापेक्षा हातच जास्त सांगतात."

"हात तर मला पाठ आहेत गं," खांदमा म्हणाली. "मला तोंड पाहिजे होतं. हिच्यासाठी."

मित्रांनो, तेव्हा मला ओरडून सांगावेसे वाटले, मी पाहिले आहे ते तोंड! चार वर्षे, रोज, वीतभरावरून! पण मी काही कॅमेरा नाही. उजेड आम्ही दोघेही खातो. कॅमेरा तो जपून ठेवतो, मी त्याच दिवशी खर्च करून टाकतो. दामदिनच्या तोंडावरून आलेला सगळा उजेड मी बल्बात आणि रेडिओत घालवला. एक कणसुद्धा शिल्लक नाही.

दामदिनने मला कपाळाला लावलेला तोच मोठा फोटो आर्युनाने मागे ठेवला. दुसरा कोणता ठेवणार? खांदमाने तो रिकाम्या चौकटीत बसवला. यंदाच्या नव्या वर्षाच्या सकाळी चहाची पहिली वाटी तिने चौकटीपुढे ठेवली. दार उघडे होते, मला आतले बोलणे ऐकू येत होते. सोलोंगो माझ्या निळ्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, "हे बाबा."

"नाही गं राणी. ती पाटी आहे."

"मग बाबा कुठंयत?"

"पाटीच्या मागे आहेत."

मग सोलोंगो नवा अंगरखा सावरत अंगणात आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली. तिने मला ओळखले होते. आपल्या छोट्या बाह्या तिने तळहातावर ओढल्या, माझी चौकट दोन्ही हातांनी धरली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून मला पुढे ओढले. मग वाकून माझ्या मागे पाहिले. डाव्या बाजूने पाहिले, उजव्या बाजूने पाहिले. तिचे तोंड माझ्या काचेपासून वीतभरावर आले होते, पण काजळीचा एवढा थर चढला आहे की मला ती नीट दिसलीसुद्धा नाही.

"आई," ती दाराकडे तोंड करून ओरडली, "मागे तर कोळसाच आहे!"

खांदमा दारात आली होती.

मित्रांनो, मला पुसा, ऊन दाखवा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. एवढेच सांगतो. तुमच्या घरी एखादी नवी वस्तू येईल, घरचे कोणी नवे कपडे घालून ती हातात घेऊन फोटोला उभे राहील आणि कौतुकाने ती तोंडासमोर धरील. तेव्हा हसू नका. पटकन पुढे व्हा आणि म्हणा, "बाबा, ते जरा खाली घ्या."